मैदा, रद्दी आणि खराट्याचे हीर

घरात मैदा आणि पाणी असलं की चिकटवायची सोय झाली. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, एवढंच प्रमाण. त्यातलं वाटीभर गार पाणी मैद्यात घालून नीट फेटून घ्यायचं, उरलेलं चार वाट्या पाणी उकळायचं, आच मंद करून त्यात हे मिश्रण बारीक धारेनं सोडायचं आणि ढवळत राहायचं. तीन-चार मिनिटांत त्या पांढऱ्या पाण्याला चकाकी येते, ते दाट होतं आणि चमच्यावरून पटकन ओघळेनासं होतं. ही झाली खळ. पतंगवाले, बुकबाइंडर, भिंतींवर पोस्टरं लावणारे यांची पिढ्यान्‌पिढ्यांची भिस्त हिच्यावरच आहे.

मैदा आधी गार पाण्यातच का कालवायचा, हे पिठलं करणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की प्रत्येक गुठळीचं बाहेरचं पीठ क्षणात शिजून त्याचं कवच होतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. कागदाखाली अशी एक गुठळी आली की तिथे फोड उठतो आणि मग तो फोड झाकायला वर फूल चिकटवावं लागतं. मैद्यात मुख्यतः स्टार्च असतो. गार पाण्यात स्टार्चचे कण नुसते तरंगतात. साठ अंश सेल्सिअसच्या आसपास ते पाणी पिऊन फुगू लागतात, त्यांच्यातल्या लांब साखळ्या बाहेर पडतात आणि पाण्याची खळ होते. म्हणून मैदा नुसता पाण्यात कालवून चिकटवायला गेलं तर वाळल्यावर त्याचा भुगा सुटतो. शिजणं हाच त्यातला सगळा कारभार आहे.

खळ कागदाला इतकी घट्ट का धरते, याचं कारण नात्यात आहे. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू, खळ म्हणजे स्टार्च, आणि दोन्ही पदार्थ ग्लुकोजच्याच साखळ्यांचे बनलेले आहेत. फरक आहे तो कड्या कशा जोडल्या आहेत एवढाच. ओली खळ तंतूंच्या मधल्या फटींत शिरते, पाणी उडून जातं आणि दोन्हींचे रेणू एकमेकांना बिलगून राहतात. प्लॅस्टिकशी किंवा स्टीलशी तिचं असं काही जमत नाही, म्हणून बरणीवरचं लेबल खळीनं फार काळ टिकत नाही. तिचा आणखी एक गुण म्हणजे ओलं केलं की ती सुटते. जुनी हस्तलिखितं आणि नकाशे दुरुस्त करणारे संवर्धक आजही गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात ती यासाठीच. पुढच्या पिढीतल्या कुणाला ते काम उलगडून पुन्हा करायचं झालं तर कागद फाटत नाही.

फेविकॉलची गोष्ट वेगळी. १९५९ साली पिडिलाइटनं तो बाजारात आणला तेव्हा सुतारांच्या हातात सरस होता, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला आणि दर वेळी गरम करून वापरायचा. फेविकॉल गरम करावा लागत नव्हता, त्याला तसा वासही नव्हता. पण तो वाळला की त्याचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा होतो. लाकूड, कापड, पुठ्ठा यांना उत्तम. पतंगी कागदाला मात्र तो जड पडतो, कागद जागोजागी ताठरतो. पातळ कागदाला खळ आणि जाड वस्तूला फेविकॉल, एवढी वाटणी लक्षात ठेवली की पुरे.

खळीची एक खोड आहे: ती झुरळांना आणि कसरीला फार आवडते. बुकबाइंडर म्हणून तिच्यात मोरचूद घालत आले आहेत. मोरचूद विषारी आहे, लहान मुलांच्या घरात त्याच्या वाटेला जाऊ नये. चिमूटभर तुरटी घातली की खळ लवकर नासत नाही, पण तुरटीच्या आम्लामुळे कागद वर्षानुवर्षांत पिवळा पडतो. दिवाळीच्या कंदिलाला तुरटी चालेल, जपून ठेवायच्या वहीला नको. उरलेली खळ फ्रिजमध्ये चार दिवस नीट राहते. तिला आंबूस वास आला की टाकून द्यायची. मैदा काही सोन्याच्या भावानं मिळत नाही.

एवढं खळीपुराण लावण्याला कारण आहे. झटपट हस्तकला म्हटलं की हल्ली मोबाइलवरच्या मिनिटाभराच्या चित्रफिती डोळ्यांपुढे येतात. रिकामी बाटली, तिच्यावर ग्लू गननं चिकटवलेले मणी, वर सोनेरी चकमक. बाटली फुकटची, बाकीचं सामान विकतचं. आणि जी बाटली भंगारवाल्यानं आनंदानं नेली असती तिला आता तोही हात लावत नाही, कारण काच, प्लॅस्टिक आणि गोंद यांची अशी गट्टी झालेली असते की कुठलीच वस्तू वेगळी काढता येत नाही. टाकाऊतून टिकाऊच्या नावाखाली आपण बऱ्याचदा टाकाऊतून अधिक टाकाऊ करतो. ‘मला क्राफ्ट जमत नाही’ म्हणणारी माणसं याच चित्रफिती बघून तसं म्हणू लागतात. त्यांच्या हातात काही खोट नसते. कागद कसा वागतो, काडी कुठे वाकते, खळ कधी धरते, हे त्यांना कधी कुणी सांगितलेलं नसतं. कार्यानुभवाच्या तासाला आपल्याला काय करायचं ते सांगत. तसंच का करायचं, हे सांगायला वेळ नसायचा.

आता कागदाकडे येऊ. कालचं वर्तमानपत्र घ्या आणि वरून खाली फाडा. पट्टी बऱ्यापैकी सरळ निघते. आता तेच पान आडवं फाडून बघा. फाट वाकडीतिकडी पळते, कितीही जपून फाडलं तरी. कागद यंत्रावर तयार होताना ओला लगदा एका दिशेनं वाहत्या जाळीवर पडतो आणि त्यातले बरेचसे तंतू त्या दिशेला डोकं करून बसतात. लाकडाला जशी उभी रेघ असते तशी यंत्राच्या कागदालाही दिशा असते. त्या दिशेनं घातलेली घडी धारदार बसते. तिला आडवी घातलेली घडी जाड कागदावर तडकते, भेटकार्डाच्या घडीवर पांढरी रेघ उमटते ती यामुळे. हाताने गाळलेल्या कागदात ही दिशा फारशी नसते, कारण गाळणारा चौकट चारही बाजूंना हलवतो. पुण्याच्या शिवाजीनगरातल्या १९४० सालच्या हातकागद संस्थेचा कागद, किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात होत आलेला कागद फाडून बघितला तर फरक हाताला लगेच कळतो. (फाडायला जीव होत नाही, ही गोष्ट निराळी.)

दिशा महत्त्वाची ठरते ती खळ लावल्यावर. सेल्युलोजचा तंतू पाणी पिऊन जाडीला फुगतो, लांबीला जवळजवळ नाही. म्हणजे ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेला पसरतो आणि वाळताना त्याच दिशेला आकसतो. पुठ्ठ्याच्या एका बाजूला सुंदर कागद चिकटवला आणि सकाळी पाहिलं तर पुठ्ठा कमानीसारखा वाकलेला, हा अनुभव बहुतेकांच्या गाठी असतो. त्यावर दोन उपाय आहेत. पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूलाही तसाच, त्याच दिशेचा कागद चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. आणि काम पुरतं वाळेपर्यंत दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर जाडजूड पुस्तकांचं ओझं ठेवायचं. घरात न वाचलेली जाड पुस्तकं असतातच, त्यांच्या नशिबी तेवढं तरी पुण्य.

घरोघरी प्रिंटरमध्ये असतो तो ए-फोर कागद ही तर हस्तकलेची तयार फूटपट्टी आहे. त्याची मापं २१० आणि २९७ मिलिमीटर अशी विचित्र का, असा प्रश्न पडतो. लांबी आणि रुंदीचं गुणोत्तर दोनाच्या वर्गमुळाइतकं ठेवलं की कागद मधोमध दुमडल्यावर तेच गुणोत्तर कायम राहतं. असं दुसरं गुणोत्तर नाही. गेओर्ग लिख्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं १७८६ सालच्या एका पत्रात ही खुबी लिहून ठेवली आहे, आणि जर्मनीनं १९२२ साली तिच्यावर कागदाची प्रमाणित मापं बसवली. सर्वांत मोठा ए-झिरो बरोबर एक चौरस मीटरचा. त्याचे सोळा तुकडे म्हणजे ए-फोर. म्हणून ८० जीएसएमचं एक पान बरोबर पाच ग्रॅम भरतं, आणि ते घडीनं आठ भागांत विभागलं की प्रत्येक भाग मूळ पानाच्याच तोंडवळ्याचा निघतो.

यातून सर्वांत झटपट होणारी वस्तू म्हणजे खिशातली आठ पानी पुस्तिका. तिला खळ नको, दोरा नको, कात्री चालवायची तीही एकदाच. ए-फोर कागद तीन वेळा अर्ध्यात दुमडून आठ खाने पाडायचे आणि उघडायचा. मग आखूड कडा एकमेकींवर येतील असा एकदा दुमडायचा. दुमडलेल्या बाजूकडून मधल्या आडव्या घडीवर कात्री लावायची आणि पुढची उभी घडी येताच थांबायचं. उघडल्यावर कागदाच्या मधोमध चीर दिसते. आता कागद लांबीत दुमडायचा, दोन्ही टोकं धरून आत ढकलायची. चीर फाकते, वरून पाहिलं तर अधिकचं चिन्ह दिसतं, आणि चारही पंख एका दिशेला वळवले की पुस्तक तयार. मुलांना किराणा मालाची यादी लिहायला, गोष्ट रचायला, इंग्रजी शब्दांची उजळणी करायला एवढं पुरतं.

शाळेच्या वह्यांची जूनमध्ये उरलेली कोरी पानं हा दुसरा खजिना. आठ-दहा जोडपानं एकात एक घालून मधल्या घडीवर दाभणानं तीन भोकं पाडायची: एक मधोमध, दोन टोकांपासून जरा आत. जाड दोरा ओवलेली सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत घ्यायची, मधलं भोक ओलांडून सरळ खालच्या भोकातून बाहेर काढायची आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणायची. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतात. त्या टाक्याला मध्ये घेऊन गाठ मारली की वही कितीही उघडझाप केली तरी सैल पडत नाही. वर जुन्या कॅलेंडरचं जाड पान कव्हर म्हणून घ्यायचं झालं तर फक्त त्याच्या तंतूंची दिशा घडीला समांतर आहे ना, एवढं वाकवून बघा. दोन्ही बाजूंनी हलकं वाकवल्यावर ज्या बाजूला ते सहज वाकतं तिकडे घडी घालायची.

आता मोठं काम. आकाशकंदील. बाजारात तो घडीचा, प्लॅस्टिकचा, कापडी असा हवा तसा मिळतो, आणि घरी केलेला त्यांच्याइतका सफाईदार होणारही नाही. तरी तो करावा, कारण कागद, काडी आणि खळ यांचं जवळजवळ सगळं ज्ञान त्या एका वस्तूत मावतं. बांबूच्या कामट्या मिळाल्या तर उत्तम. नाही तर खराट्याचे हीर घ्या. अगदी छोटे कंदील करायचे असतील तर उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्याही चालतात, त्याही बांबूच्याच.

सारख्या लांबीचे चोवीस हीर लागतात. माप घ्यायला पट्टी नको; ए-फोर कागद मधोमध दुमडला की त्याच्या लांब बाजूचा अर्धा भाग, म्हणजे सुमारे पंधरा सेंटिमीटर, हेच एका काडीचं माप. बांधायला टोकं उरावीत म्हणून दोन्हीकडे अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवून कापायचं. हीर वाळून कडक झाले असतील तर तासभर पाण्यात ठेवले की बांधताना चिरत नाहीत. चार-चार काड्यांचे सहा चौकोन जाड दोऱ्यानं बांधून घ्यायचे आणि प्रत्येक गाठीवर फेविकॉलचा ठिपका द्यायचा.

आता चार चौकोन टोकावर उभे करायचे, शंकरपाळ्यासारखे. त्यांचे डावे-उजवे कोपरे एकमेकांना बांधले की गोल कडं तयार होतं. वर चार टोकं मोकळी राहतात, खाली चार. वरच्या टोकांवर पाचवा चौकोन आडवा बसवून चार कोपऱ्यांना चार बांधायचे, खाली सहावा. झाला कंदिलाचा सांगाडा. चौकोनांच्या मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, आणि ते सगळे समभुज असतात कारण सगळ्या काड्या सारख्या आहेत. या आकृतीची गंमत अशी की समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर काडीच्या दुप्पट, म्हणजे ए-फोरच्या लांबीइतकं येतं आणि वरच्या चौकोनापासून खालच्या चौकोनापर्यंतची उंची ए-फोरच्या रुंदीइतकी. वापरलेलं माप कागदाचं होतं, त्यामुळे कंदील कागदाच्या बेतातच बसतो.

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. एवढ्या गाठी मारून झालेला सांगाडा हातात धरला तर लुडबुडतो, पिळतो, एका बाजूला बसतो. काहीतरी चुकलं असं वाटून लोक गाठी आवळत सुटतात. गाठींचा यात दोष नाही. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र गाठी कितीही घट्ट असल्या तरी तिरपा होतो. अरविंद गुप्तांनी हे फार सोप्या रीतीनं दाखवलं आहे. आयआयटी कानपूरमधून बाहेर पडलेला आणि पुण्यात टेल्कोत नोकरी करणारा हा इंजिनिअर १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे सांधे म्हणून वापरून आगकाड्यांचे त्रिकोण, चौकोन, घरं जोडू लागला. १९८६ मध्ये त्यांचं आगकाड्यांच्या प्रतिकृतींचं पुस्तक आलं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं मुलांसाठी अशीच खेळणी केली, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पद्धतीनं आगकाड्यांचा एक त्रिकोण आणि एक चौकोन करून मुलाच्या हातात द्या. पुढचं व्याख्यान वाचतं.

किती काड्या कमी पडतात, तेही मोजता येतं. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६४ साली सांगाड्यांच्या ताठपणाचा हिशेब मांडला. त्यानुसार अवकाशात सुटा उभा राहणारा सांगाडा न पिळता टिकायचा असेल तर सांध्यांच्या तिपटीतून सहा वजा केल्यावर जी संख्या येते, निदान तेवढ्या काड्या हव्यात. आपल्या कंदिलात सांधे बारा. छत्तीसातून सहा गेले, राहिले तीस. आपल्याकडे आहेत चोवीस. सहा कमी, आणि तिरपे होऊ शकणारे चौकोनही बरोबर सहाच. म्हणजे प्रत्येक चौकोनाला एकेक कर्ण हवा. बाजूच्या चार चौकोनांना काडीचा कर्ण लावायची गरज नाही, तिथे ताणून चिकटवलेला कागदच कर्णाचं काम करतो. चौकोन तिरपा व्हायला लागला की त्याचा एक कर्ण लांबायला बघतो आणि कागद त्याला लांबू देत नाही. वरचा आणि खालचा चौकोन मात्र दिव्यासाठी उघडा ठेवायचा असतो. तिथे एकेक काडी तिरपी बांधायची. तिची लांबी? ए-फोरच्या रुंदीएवढी, एकवीस सेंटिमीटर, तीही कागदावरच मोजायची, टोकं थोडी जास्त ठेवून. ही काडी बरोबर बसली की चौकोन आपोआप काटकोनात येतो. वरच्या काडीला दोरी आणि दिवा, खालच्या काडीला झिरमिळ्या. जुने कंदील करणारे ही आडवी काडी मॅक्सवेल न वाचताच बांधत होते.

कागद लावायचा तो याच क्रमानं: आधी वर-खाली दोन तिरप्या काड्या, मग बाजूचे चार चौकोन, शेवटी आठ त्रिकोण. त्रिकोण मुळात ताठ असल्यामुळे त्यांना कागद हवा तो फक्त शोभेला. पतंगी कागदावर सांगाड्याची एकेक बाजू ठेवून पेन्सिलनं आखायची, चारीकडून सेंटिमीटरभर जादा सोडून कापायचं. खळ काडीला लावायची, कागदाला नको. ओला पतंगी कागद हातात फाटतो. जादा कड काडीवरून आत वळवून दाबायची. कागदाला थोडी सुरकुती राहिली तर घाबरू नका. चिकटवलेलं पुरतं वाळलं की कागदावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारायचा. तंतू पाणी पिऊन फुगतात, वाळताना आकसतात, आणि कडा बांधलेल्या असल्यामुळे कागद ढोलासारखा ताठ होतो. स्वस्त पतंगी कागदाचा रंग पाण्यानं सुटतो, म्हणून आधी एका तुकड्यावर फवारून बघावं.

हे सगळं एका माणसानं करायचं तर एक संध्याकाळ अपुरी पडते, दोघांनी केलं तर पुरते. आत एलईडीचा छोटा दिवाच लावा. पतंगी कागद, वाळके हीर आणि मैदा हे तिन्ही उत्तम जळतात, तेव्हा पणतीचा मोह नको. पाऊस रेंगाळला असेल तर कंदील पागोळ्यांपासून आत टांगा; खळ ओली झाली की सुटते.

कागदी पिशव्यांबद्दल थोडक्यात. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि रद्दीच्या पिशव्यांना पुन्हा दिवस आले. दोन पानं एकावर एक, एकाचे तंतू उभे आणि दुसऱ्याचे आडवे, अशी खळीनं जोडली तर पिशवी कुठल्याच बाजूनं सहज फाटत नाही. प्लायवूड ताकदवान होतं ते याच युक्तीनं. तळाशी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घातला की मेथीची जुडी आणि दोन-चार वांगी आरामात येतात. भजी, वडे मात्र अशा पिशवीत नकोत. छपाईच्या शाईत आरोग्याला घातक द्रव्यं असतात, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१६ सालीच वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं बजावलं आहे. भाजीवजनापेक्षा जास्त ओझं असेल तर जुन्या सुती साडीची पिशवी शिवा. तिच्यापुढे कागदाचा काही पाड नाही.

रद्दीचा सगळ्यांत टिकाऊ उपयोग म्हणजे लगद्याची टोपली. रद्दीचे बारीक तुकडे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग मिक्सरमधून फिरवून पिळून घ्यायचे. मिक्सरचं भांडं जुनं असावं. शाई घासून निघाली तरी त्यात पुन्हा चटणी वाटू नये. चार वाट्या लगद्याला रात्रभर भिजवलेली अर्धी वाटी मेथी वाटून घालतात. मेथीदाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा बुळबुळीत डिंक असतो, तो लगदा बांधून ठेवतो, आणि तिच्या कडूपणामुळे कीड लवकर फिरकत नाही. पालथ्या पातेल्याला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून त्यावर लगदा अर्धा सेंटिमीटर जाडीनं थापायचा. लगदा वाळताना आकसतो आणि पातेलं आतून हलत नाही, तेव्हा पूर्ण वाळेपर्यंत तसाच ठेवला तर हमखास तडा जातो. पहिला दिवस सावलीत ठेवायचा, आकार धरण्याइतका घट्ट झाला की पातेल्यावरून अलगद सोडवायचा आणि मग उन्हात घालायचा. तडा गेलाच तर त्यावर खळ आणि कागदाच्या पट्ट्या. वर गेरू द्या किंवा रंग. कांदे-लसूण ठेवायला अशी टोपली चांगली, तिच्यातून हवा खेळते.

ही टोपली मार्च ते मे या महिन्यांतच करावी. ऊन पुरेसं नसेल तर लगदा वाळण्याआधी त्याला बुरशी धरते, आणि एकदा बुरशी धरलेला लगदा कितीही मेथी घातली तरी फेकूनच द्यावा लागतो.